दादाचं पेटंट

कांद्याची पात कापणारं यंत्र माझ्या थोरल्या भावानं बनवलं, तेव्हा पेठला हायवेलगत आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. दोन रूळ उलटसुलट फिरत पात खाली ओढायचे आणि पातं ती कापायचं. कांद्याला ओरखडा नाही. नारायणगावच्या शेती प्रदर्शनात दादानं ते दिवसभर चालवलं, पत्रा काढून आतली रचनाही ज्याला त्याला दाखवली. लोकांनी फोटो काढले. आम्ही हरखून गेलो होतो.

तिथंच तो भेटला. स्वतःला पुण्याचा पेटंट सल्लागार म्हणवायचा. पुढच्याच आठवड्यात घरी जेवायला आला. रश्शानं माखलेल्या बोटांनी त्यानं दादाचं ड्रॉइंग उचललं. कागदावर तेलाचा डाग पडला, तो त्यानं अंगठ्यानं आणखी चोळला. माझं जेवणावरचं मनच उडालं.

"प्रदर्शनात सगळ्यांनी बघितलंय. तरी पेटंट मिळतं का?" मी विचारलं.

"ते माझ्यावर सोडा," तो बोटं चाटत म्हणाला. "तुमचा भाऊ शास्त्रज्ञ आहे, शास्त्रज्ञ!"

दादा विरघळला, मागितली तेवढी फी देऊन बसला. काही महिन्यांनी सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. दादानं ते फ्रेम करून भिंतीवर लावलं, त्याला हार घातला.

त्यानंतर दादा माणसात राहिला नाही. यंत्रावर ताडपत्री आली, दाराला कुलूप आलं. शेजारचा शेतकरी यंत्र बघायला आला, तर दादानं त्याला चोर ठरवून हाकललं. मी ताडपत्री उचलली तरी माझ्या हातांकडे बघायचा. सख्ख्या भावाची ती नजर मला किळसवाणी वाटायची.

पुढच्या हंगामात मंचरच्या एका दुकानात तसंच यंत्र विकायला आलं. आमचा डबा चौकोनी होता, त्यांचा गोल. आत तेच रूळ, तेच पातं. दादा फ्रेमसकट तिथं गेला. दुकानदार हसला, "भाऊ, जा की कोर्टात."

मग आम्ही पुण्याला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी प्रमाणपत्र वाचलं.

"हे पेटंट नाही. डिझाइनची नोंदणी आहे. संरक्षण फक्त बाहेरच्या आकाराला. तुमची युक्ती आत आहे."

"मंग आता पेटंट टाकू."

"आधी कुठं दाखवलंय का?"

दादानं प्रदर्शनाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मग ते नवीन राहिलं नाही. अर्ज आधी करायचा, दाखवायचं नंतर. आणि हे तुमच्या सल्लागाराला माहीत नसेल, असं मला वाटत नाही."

म्हणजे त्या माणसाला सगळं ठाऊक असताना तो आमच्या घरी बोटं चाटत बसला होता.

दोघं घरी पोचलो, तर खळ्यात ते मंचरचं गोल यंत्र चालू होतं. वहिनीनं भाड्यानं आणलं होतं. दादा ओरडला. वहिनीनं हातातला कांदा खाली ठेवला नाही. "तुमचं कुलपात हाय. कांदा काय तुमच्या पेटंटासाठी थांबनार व्हता?"

दादा खाली बसला. कुलूप काढायला मात्र त्याला पुढचा हंगाम उजाडला.

नंतर कधीतरी मढ गावाकडचा एक शेतकरी झाडावरचा हिरडा तोडायचं नवं अवजार गोणपाटात गुंडाळून वर्कशॉपात आला. तो गाठ सोडू लागला, तसा दादानं त्याचा हात धरला.

"मला बी दाखवू नगंस. असलं आधी कुनी केलंय का, ते हुडक. मग खऱ्या वकिलाकडं जाऊन अर्ज टाक. आन् उद्या कुनी चोरलं तर कोर्टात भांडायची ताकद हाय का, ते इचार सोताला. नसंल तर खुशाल बनव आन् इक."

"लई कटकट हाय की राव," तो म्हणाला आणि गाठ पुन्हा आवळून निघून गेला.

त्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही. मला मात्र अजून 'पेटंट' शब्द ऐकला, की तेलकट अंगठ्यानं चोळलेला तो कागद दिसतो आणि थुंकावंसं वाटतं.