बायबलबाईंची हरकत

आमच्या परळीच्या चर्चमधल्या बायबलबाईंनी कधी कुणाचं दार वाजवलं नाही. चप्पल काढायची आणि थेट स्वयंपाकघरात! घरोघर जाऊन बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवणं हे त्यांचं काम. पण वाचता वाचता पातेल्यावरचं झाकण उचलून "मीठ कमी हाय गं" हेही सांगायच्या.

लग्नाचा विषय निघाला की बाई पेटायच्या. माझं लग्न ठरलं. लग्नाआधी फोटो काढायला मी आणि नवरा मुलगा धरणावर जाणार, हे कळल्यावर मला म्हणाल्या, "काना गावच्या लग्नाला प्रभू स्वतः गेलते. द्राक्षारस संपला, तर त्यांनी पाण्याचा द्राक्षारस करून घरच्यांची लाज राखली. तुमच्या लग्नात कोण राखणार हाय?" मी हसण्यावारी नेलं. अहो, मुलगा मला मनापासून आवडला होता!

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. हरकत कुणीच घेत नाही. तिसऱ्या रविवारी मुलाकडचेही आले होते. पाळकांनी विचारलं आणि बाई उभ्या राहिल्या.

"माझी हाय."

मी गर्रकन मागं वळून पाहिलं.

"काल या पोराकडच्यांनी हुंड्यात मोटरसायकल मागितली. पोरीची आई माझ्यापाशी रडली. याकोबानं मामाची पोरगी राहेल बायको मिळावी म्हणून सात वर्षं मामाची मेंढरं राखली. शास्त्रात पोरगा राबतो, आन् इथं पोरगा मागतोय? कावून?"

पाळक म्हणाले, "बाई, ही हरकत नियमात बसत नाही. खाली बसा."

"न्हाई बसत. पोरानं सांगावं."

मुलाचे वडील तरातरा उठले. "चला रे, मोडलं लग्न!" बाईंचा असा संताप आला मला, की बस्स! पण मुलगा जागचा हलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "मोटरसायकल नको. लग्न मोडू नका."

लग्न झालं, चहा-चिवड्यावर. सासरे आले, तोंड फुगवून का होईना. निघताना मी बाईंच्या गळ्यात पडले. म्हटलं, "बाई, मोडलं असतं तर?"

"मोडू दिलं असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या बापानं मागितलं ते समदं दिलं. लग्नानंतर अजून मागितलं, ते जमलं न्हाई, तवा मला माघारी धाडलं. आमच्या चर्चमदीबी पाळकानं तीन रविवार विचारलं व्हतं गं. समद्यांना ठाऊक व्हतं. कुणी उठलं न्हाई."