आईचं कपाट आणि भिंतीतली स्कर्टिंग

आईने एकच अट घातली होती. कपाट येणार असेल तर ती आमच्याकडे राहायला येईल, नाहीतर करंज्याला मावशीकडे जाईल. पनवेलच्या बाजारातली तिची भाड्याची खोली पावसाळ्याआधी रिकामी करायची होती, कारण इमारत पाडणार होते. मावशीशी तिचं दोन दिवसांपलीकडे पटत नाही, हे मावशीलाही माहीत आहे. आम्ही तेव्हा सुकापूरच्या बाजूला छोटं घर बांधत होतो आणि तळमजल्यावरची मागची खोली आईची, हे पाया खणण्याआधीच ठरलेलं होतं. मी फोन करून कपाटाची रुंदी विचारली आणि प्लास्टरची जाडी धरून बरोबर त्या मापाचा कोनाडा खांब आणि भिंत यांच्या मध्ये काढून घेतला.

प्लास्टर सुरू व्हायच्या आधी उरलेल्या कामांची यादी वाचताना मी 'स्कर्टिंग'पाशी थांबले. जमिनीलगत भिंतीला फरशीची चार इंची पट्टी लावतात, ती स्कर्टिंग. ती प्लास्टरवर चिकटवतात, त्यामुळे भिंतीच्या पुढे अर्धा इंच येते. कोनाड्याच्या दोन्ही बाजूंनी असा अर्धा-अर्धा इंच गेला की कपाट आत जाणार नव्हतं.

"मग तेवढ्या कोनाड्यात लावू नकोस," नवरा म्हणाला.

पण आई फरशी पाणी ओतून धुते. पट्टी नसलेली भिंत एका वर्षात फुगली असती. शिवाय घरभर आहे आणि एका कोनाड्यात नाही, हे मला कायम टोचत राहिलं असतं. तेव्हा उपाय एकच होता. प्लास्टर जमिनीपासून चार इंच वर थांबवायचं आणि खाली राहिलेल्या खाचेत पट्टी अशी बसवायची की ती भिंतीच्या सपाटीत येईल. आणि ते सगळ्या घरात करायचं.

टाइल्सचं दुकान बाजारातल्या एका जुन्या कोकणी मुसलमान कुटुंबाचं होतं. मालकांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, स्कर्टिंग बाहेरच असते," ते म्हणाले. "भिंतीची इज्जत आहे ती. आत ढकललीत तर तुम्ही लावलीये हे लोकांना कळणार कसं?"

"लोकांना नाही कळलं तरी चालेल. कपाट आत गेलं पाहिजे."

त्यांनी यावर थोडा विचार केला आणि मस्कतला असलेल्या धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. भाऊ तिथल्या एका मोठ्या हॉटेलात देखभालीच्या कामावर होता. "अरे, लॉबीत जा आणि भिंत खालून दाखव. एक मॅडम बसल्यात इथे."

पुढची काही मिनिटं नवरा, मी, मालक आणि कमोडचा भाव विचारायला आलेलं एक जोडपं, असे आम्ही सगळे फोनवर मस्कतची जमीन बघत होतो. भाऊ बहुधा रांगत होता. "अजून खाली घे," मालक सांगत होते. "सावली पडतेय तुझी." मग पडद्यावर काळे चकचकीत बूट आले. थोडी अरबी झाली, थोडी हिंदी झाली आणि बुटांच्या वरचा माणूस वाकून फोनमध्ये डोकावला. तो हॉटेलचा पहारेकरी होता आणि म्हसळ्याचा निघाला. काय चाललंय हे कळल्यावर तोही खाली बसला.

"आमच्याकडे सगळीकडे अशीच आहे," त्याने भिंतीवरून बोट फिरवत सांगितलं. "झाडू मारणारा खूश असतो. बाकी कुणी आजवर बघितलं नाय."

मी भिंतीच्या रंगाशी जुळणारी फिकट पट्टी निवडली. कमोडवाल्या बाई त्यांच्या नवऱ्याला म्हणाल्या, "आपण पण आतलीच लावू या." मालकांनी माझ्याकडे नाराजीने पाहिलं.

खरी अडचण त्यानंतर आली. भिंतीच्या तळाशी खाच दिसली की पनवेलच्या कारागिराला ती आधीच्या कारागिराची चूक वाटते, आणि चूक दिसली की तो ती न सांगता सुधारतो. तेही चांगुलपणाने. आठवड्याभराने मी साइटवर गेले तर प्लास्टर थेट जमिनीपर्यंत आलेलं होतं. मिस्त्री ओवे गावचे होते आणि स्वतःवर खूश होते.

"वहिनी, पोरांनी खाली चार इंच सोडलेली. मी सोता बसून भरली. लोकं म्हनली असती, मिस्त्रीचा माल पुरला नाय."

"मीच सोडायला सांगितली होती."

"तुमी?" त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेला.

छिन्नीने सगळं परत फोडलं. मग इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने खाचेतून घरभर वायरचे पाइप फिरवले. "ताई, वायरिंगसाठी आधीपासून एवढी जागा ठेवणारं घर मी पहिल्यांदा बघितलं," तो म्हणाला. त्या खाचेचं मनापासून कौतुक करणारा तो एकटाच, आणि त्यालाच मला सगळे पाइप काढायला लावावे लागले. त्यानंतर मी प्रत्येक खोलीत खाचेच्या वर लाल खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ही खाच भरू नये.'

पट्ट्या यायला उशीर झाला आणि तेवढ्यात रंगाऱ्याने पुट्टी लावली. खाचही भरली, गुळगुळीत केली. मला पाहिल्यावर त्याने आवाज खाली आणला. "ताई, कुणीतरी भिंतींवर खडूने काहीबाही लिहून ठेवलं होतं. काळजी करू नका, मी सगळं पुसलंय."

दुसऱ्यांदा फोडलं. पट्ट्या आल्या तेव्हा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मी स्वतः प्रत्येक खोलीत बसले आणि फरशीवाल्याखेरीज कुणालाही भिंतीजवळ येऊ दिलं नाही. शेवटी काम अप्रतिम झालं. वरून खाली हात फिरवला तर भिंत कुठे संपते आणि पट्टी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. मिस्त्री बघायला आले, खोलीभर फिरले आणि जाताना म्हणाले, "बरं केलंत वहिनी, नाय लावली ते. नंतर लावता येईल."

कपाटाच्या दिवशी आई टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून आली. चार हमालांनी कपाट उचलून मागच्या खोलीत आणलं, कोनाड्यासमोर टेकवलं आणि ढकललं. ते एखाद्या खणासारखं आत सरकलं. दोन्ही बाजूंना बोटही शिरेना. नवऱ्याने टाळी वाजवली. मी आईकडे पाहिलं.

"छान," आई म्हणाली. "आता बाहेर काढा."

"का?"

"भिंतीला चिकटवून लाकूड ठेवतात का कुठे? पनवेलची ओल आहे ही. वाळवी लागेल. कपाटाच्या चारी बाजूंनी हात फिरला पाहिजे."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू रुंदी विचारलीस. मी रुंदी सांगितली. कोनाड्याचं कुणी बोललं होतं माझ्याशी?"

आता कपाट बाहेर येईना. इतकं नेमकं बसलं होतं की धरायला जागाच नव्हती. हमालांनी मुठी धरून ओढलं तर दारं तेवढी उघडली. शेवटी खण काढले, कपाट पुढे कलंडू नये म्हणून एक हमाल खालच्या फळीवर पाय रोवून आत बसला आणि बाकीच्यांनी खणांच्या रिकाम्या जागेत हात घालून त्याच्यासकट कपाट ओढलं. आईने ते खिडकीशेजारी, भिंतीपासून वीतभर पुढे उभं करायला लावलं आणि मागून एक फेरी मारून खात्री केली. कोनाड्यात तिने माझी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि बसून पाहिली. पाठीमागे भिंत, दोन्ही बाजूंना भिंत, समोर खिडकी.

"इथे वारा लागत नाही," ती म्हणाली. "पेपर उडणार नाही."

मोठा हमाल दारात घाम पुसत उभा होता. "आजी, बोचकी अजून टेंपोतच हायेत. उतरवू का तुमी वाटेत म्हनालात तशी करंज्याला न्यायची?"

आईने बसल्या बसल्या एकदा कपाटाकडे पाहिलं.

"उतरव," ती म्हणाली. "आणि भांड्यांचं बोचकं जपून."