लाजरा बिघाड

“बिघाड लाजरा असतो, गुरुजी. चार माणसांत येत न्हाई.”

मुखेडच्या बसस्टँडमागे मोटारसायकलच्या वायरिंगचं दुकान चालवणारे मामा हे वाक्य दिवसातून दहादा म्हणायचे. म्हणताना उजवा हात गाडीच्या टाकीवर असा ठेवायचे, की जणू तिला तापच आलाय. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणतो.

तुम्हीही अनुभवलं असेल. रस्त्यात दोनदा बंद पडलेली गाडी मेकॅनिकच्या दारात नेली की शहाण्या लेकरासारखी सुरू होते. मग मेकॅनिक गाडीऐवजी आपल्याकडेच संशयाने बघतो. मामा तसं कधी बघत नसत. “खोटं कशाला बोलताल तुमी,” म्हणत ते टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरींना जोडलेला बारका बल्ब, शर्टच्या खिशात टाकत आणि गाडीवर मागे बसत. “चला, तुमाला जिकडं जायचं तिकडं.”

गंमत म्हणजे मामांना स्वतःला मोटारसायकल चालवता येत नव्हती. कधी शिकलेच नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक जाईल तिकडे त्यांची वरात. एकदा असेच एकाच्या मागे बसून गेले, तर तो निघाला होता लोह्याला मुलगी बघायला. मामांनी पोहे खाल्ले, मुलीच्या वडिलांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत आले. गाडी कुठेच अडली नाही. “वायरिंगचं अजून कळालं न्हाई, पण पोरगी चांगली हाय,” असं त्यांनी सांगितलं. लग्न जमलं.

माझ्या गाडीचं दुखणं मात्र निराळं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एकटा शाळेत गेलो की गाडी बिनतक्रार पळायची. बायकोला मागे बसवून तिच्या माहेरी, जळकोटला निघालो की वाटेत दोनतीनदा तरी बंद. इंजिन, हॉर्न, दिवा, सगळं एकदम गप्प. ती उतरली की पुन्हा सुरू.

तीन मेकॅनिक झाले. बॅटरी बदलली, प्लग बदलला. तिसरा मेकॅनिक बायकोसमोरच म्हणाला, “सर, गाडी ठणठणीत हाय. वैनीचं वजन झेपत नसंल तिला.”

दुकानातले लोक हसले. मीही हसलो. अगदी मोठ्याने.

पुढच्या वेळी बायकोने माहेरची पिशवी भरली आणि एसटीने गेली. त्यानंतर आठ महिने ती माझ्या गाडीवर बसली नाही. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही मी गाडी बाहेर काढत होतो आणि ती स्टँडकडे चालत निघाली होती. घरात भांडण नव्हतं. मला वेळेवर डबा मिळत होता. पण ताटात भात वाढताना ती स्वतःसाठी अर्धाच घ्यायला लागली, हे माझ्या ध्यानात आलं.

तेव्हा मी मामांकडे गेलो. सगळं सांगितलं. मामा हसले नाहीत. दोन दिवस माझ्यामागे बसून शाळेत आले. पोरांनी त्यांना साहेब समजून उभं राहून नमस्ते केलं. गाडी काही बंद पडली नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, “ताई कशा बसतात? दोन्हीकडं पाय टाकून का एका बाजूनं?”

“एका बाजूनं. साडी असते.”

मामा माझ्याकडे बघतच राहिले. “मग हे आधी सांगायचं का न्हाई?”

तो आठवडी बाजाराचा दिवस. पिकलेल्या मिशांचे, किडकिडीत मामा दोन्ही पाय डावीकडे सोडून, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले आणि आम्ही भर बाजारातून निघालो. भाजीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. “मामा, माहेरी चालले का?” कुणीतरी ओरडलं. “हाव, भाऊ आलाय न्यायला,” मामा म्हणाले.

गतिरोधकावर गाडी आदळली आणि गप्प झाली.

“आला! हलू नका!” मामा असे ओरडले, जणू दूध चोरणारं मांजरच सापडलंय. “हॉर्न दाबा.” आवाज नाही. मामा सीटवरून वीतभर उठले. हॉर्न वाजला. बसले, बंद. उठले, वाजला. बाजाराने आपलं काम थांबवून हा खेळ पाहिला.

सीटच्या डाव्या कडेखालून एक लाल वायर जात होती. वरून धडधाकट, आतून तांब्याच्या तारा तुटलेल्या. सीटची कड दाबली की तारा दुरावायच्या, दाब गेला की पुन्हा टेकायच्या. “सगळ्यांनी आधी सीट काढली,” मामा म्हणाले. “सीटसंगं बिघाडबी निघून गेला. कसा सापडंल?”

त्यांनी नवी वायर टाकली, कडेपासून लांब बांधली. मला वाटलं काम झालं. पण मामा तुटका तुकडा घेऊन पुन्हा मागे बसले. “घरी चला. ताईला सांगायचंय.”

दारात उभं राहून त्यांनी तो तुकडा बायकोच्या हातावर ठेवला. “ताई, वजनाचा काई संबंध न्हाई. मी बावन्न किलोचा माणूस. माझ्याखालीबी बंद पडली.” मग माझ्याकडे वळले. “गुरुजी, आता तुमी बोला.”

“चुकलं माझं,” मी पुटपुटलो.

“मोठ्यानं बोला,” बायको म्हणाली. “त्या दिवशी हसलात तेवढ्या मोठ्यानं.”

मी बोललो. शेजारच्यांनीही ऐकलं. रविवारी आम्ही जळकोटला गेलो, न थांबता.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी नांदेडला होतो, मला परतल्यावर कळलं. त्याच्या आठवडाभर आधी त्यांना शेवटचं पाहिलं ते रस्त्यावर. एका दूधवाल्याच्या मागे, दोन कॅनच्या मधे अंग चोरून बसले होते. मान तिरकी करून गाडीचा आवाज ऐकत होते. मी हाक मारली, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी वळणापर्यंत बघत उभा राहिलो. गाडी काही बंद पडली नाही.