सगळ्या वर्गाची आजी

आमची सुभद्रा गेली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं मागच्या पडवीत बसून भिरंडां फोडत होतो. भिरंडां म्हणजे कोकमाची फळं. साल ती काढायची, बिया मी मिठात टाकायचो. (मी साल काढली की ती फाटते, म्हणून लग्नापासून मला बियांवरच ठेवलेलं.) समोर नात मुक्ता परीक्षेचा निबंध पाठ करत येरझाऱ्या घालत होती. सातवीतली पोर. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, त्यामुळे तिचं पाठांतर ऐकायची शिक्षा आम्हा दोघांना.

"माझ्या आजीचे केस कापसासारखे पांढरेशुभ्र आहेत," मुक्ता म्हणाली. "ती गोल चष्मा लावते. ती काठी टेकत चालते आणि आम्हा नातवंडांना गोष्टी सांगते."

सुभद्रेने हातातलं भिरंड खाली ठेवलं. "ही कोणाची गे आजी?"

"तुझीच."

"माझे केस खंय पांढरे आसत?"

नव्हतेच. दर अमावस्येला काळा रंग लावून ती मला सांगायची की देवाने दिलेत. चष्मा नाही, काठी नाही. गोष्टी तर तिने कधीच सांगितल्या नाहीत. ती गोष्टी ऐकायची. मुक्ता काही सांगायला लागली की ही नुसतं "मगे?" म्हणायची, आणि त्या एका शब्दावर पोर तासभर चालायची.

"बाईंनी फळ्यावर लिहून दिलाय," मुक्ता म्हणाली. "सगळ्यांनी हाच लिहायचा. मी माझा लिहिला होता, तो बाईंनी खोडला."

"त्यात काय होता?"

"आजी रागावली की कोणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी खोबरं जास्त बारीक वाटते."

सुभद्रा खूप हसली. मग माझ्याकडे वळली. "ऐकलात? ह्या चेडवाक, ह्या पोरीक, कोणीतरी लिवूक शिकवूक होया. उद्या शाळेत जावा."

"उद्या जातंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

बारावं झालं आणि मी शाळेत गेलो. मी स्वतः दुसरीत शाळा सोडलेला माणूस, पायरीवरच घाम फुटला. बाई तशा वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "आजोबा, मुक्ता हुशार आहे. हुशार मुलांकडे बघायला मला वेळ नाही, त्यांचं त्यांना जमतं. एवढ्या मुलांनी स्वतःचं लिहिलं तर मी तपासू कधी? मार्क फळ्यावरच्याला मिळतात."

घरी येऊन मुक्ताला म्हटलं, "तू आपला तुझाच लिव गे. आजीक आवडायचा."

"नको, आजोबा. ही फळ्यावरची आजी बरी. ती मरत नाही."

मी गुरांना पाणी दाखवायला गेलो. (गुरं दोन वर्षांपूर्वीच विकली होती. गोठ्यात गेल्यावर आठवलं.)

आणि त्याच आठवड्यात ती आजी आमच्या घरी आली.

भर दुपार होती. आमच्या हळर्ण गावच्या किल्ल्याकडून येणारा वारा पडलेला, कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी जेवून आडवा झालो होतो. डोळा लागतो न लागतो तोच खिडकीकडे बघितलं. गजांना धरून एक म्हातारी आत बघत उभी. केस कापसासारखे पांढरेशुभ्र. गोल चष्मा. नजर भिंतीवरच्या सुभद्रेच्या हार घातलेल्या फोटोवर. मी "कोण गे?" म्हणेपर्यंत खिडकी रिकामी. बाहेर काठीची टकटक तेवढी लांब लांब गेली.

एवढी पोरं रोज त्या म्हातारीला मोठ्याने बोलावतायत, म्हटल्यावर ती कुठेतरी यायचीच. पण आमच्याच घरी का?

त्यापेक्षा भयंकर गोष्ट मला परसात दिसली. सुभद्रेने मागे घातलेली ती सोलां, म्हणजे भिरंडांच्या साली. रोज रसात बुडवायची आणि उन्हात घालायची, सकाळी उताणी, दुपारी पालथी. ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. बुरशी येऊन काळी पडली असतील म्हणून टाकायला गेलो, तर सगळी रसात भिजून लालचुटुक आणि पालथी घातलेली. मुलाला आणि सुनेला विचारलं, दोघांनीही हात लावला नव्हता. मुक्ता सकाळीच शाळेत जायची.

मुक्ताला काही सांगितलं नाही, पोर घाबरेल. शेजारच्या पुंडलिकाला सांगितलं. पुंडलिकाला ह्यातलं सगळं कळतं. (त्याला कळत नाही असं मी अजून काही पाहिलेलं नाही.)

"पाय बघितलंस?" त्याने विचारलं.

"खिडकीतून पाय कसे दिसतले?"

"मगे पुढच्या खेपेक पाय बघ. उलटे आसतले."

पुढच्या आठवड्यात, त्याच वाराला, त्याच वेळेला मागच्या पडवीत बाक करकरला. मी दाराच्या फटीला डोळा लावला. बाकावर पांढरं लुगडं, पाठमोरं. पाय लुगड्यात गेलेले. पण पायरीवर चपला होत्या आणि त्यांची बोटं बाहेर अंगणाकडे! घरात आलेल्या माणसाच्या चपला घराकडे तोंड करून असतात. मी धडपडत मागे सरलो, कळशीला पाय लागला, कळशी गडगडली. परत दाराशी आलो तेव्हा बाक रिकामा.

"म्हटलंय ना मी?" पुंडलिक खूश झाला. "आता राखणदाराक सांगूक होया."

राखणदार म्हणजे आमच्या गावची सीमा राखणारा देव. त्याला आम्ही पाव ठेवला, विडी ठेवली, घोटभर दारू ओतली. पुंडलिकाने गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या घरात शाळेच्या फळ्यावरसून एक म्हातारी इली आसा, तिका तू परत फळ्यावर घाल." इतकं विचित्र गाऱ्हाणं त्या देवाने पहिल्यांदाच ऐकलं असेल.

तिसऱ्या खेपेला आम्ही तयार बसलो. उंबऱ्यावर राखेची रेघ. माझ्या हातात केरसुणी. पुंडलिकापुढे निखाऱ्यांचं घमेलं, मूठभर सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी. आणि बरोबर वेळेला काठी वाजली. टक. टक. टक. दारात ती येऊन उभी राहिली आणि थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "सुभद्राबाईंनी मला..."

पुंडलिकाने मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या.

पुढचं मला डोळ्यांनी दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. आम्ही तिघंही खोकत होतो.

"बोलता रे! बोलता!" पुंडलिक ओरडला. "नाव विचार. भूत नाव सांगत नाय!"

"नाव सांग!" मी केरसुणी हवेत फिरवली.

"प्र... प्र..." ती खोकून खोकून वाकली.

"सांगना नाय! तीच ती!"

काठी खाली पडल्याचा आवाज आला, मग अनवाणी पावलं अंगणातून धावत गेली. धूर निवळला तेव्हा बसथांब्याकडे एक पांढरा ठिपका पळताना दिसला. आम्ही दोघं डोळे चोळत जिंकल्यासारखे बसलो.

मुक्ता शाळेतून आली. काठी बघितली, चपला बघितल्या, घमेलं बघितलं.

"प्रभूबाई आल्या होत्या?" तिने विचारलं.

"कोण प्रभूबाई?"

"डिचोलीच्या. शाळेतून निवृत्त झाल्यात. बाजारात आजीकडून सोलां घ्यायच्या. आजीने त्यांना सांगितलेलं, माझ्या नातीला लिहायला शिकवा. गुरुवारी दुपारी येतील, मी शाळेतून येईपर्यंत थांबतील, म्हणाली होती. आजी गेली, मला वाटलं आता नाही येणार." तिने काठी उचलली. "त्या आल्या होत्या, आजोबा?"

"माका कोणी कित्या सांगूक नाय?"

"आजी म्हणाली, आजोबांना सांगू नको, ते आधी पुंडलिककाकांना विचारतील."

पुंडलिक घमेलं घेऊन निघून गेला. मुक्ता रडली नाही, काठी कोपऱ्यात नीट उभी केली आणि फळ्यावरचा निबंध पाठ करायला बसली. माझ्या आजीचे केस कापसासारखे पांढरेशुभ्र आहेत. ते ऐकवेना. बायकोने जाता जाता पोरीसाठी एक माणूस शोधून ठेवलं होतं, आणि ते मी मिरच्या जाळून हाकललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने डिचोलीला गेलो. हातात काठी, काखेत चपला, पिशवीत तीच सोलां. विचारत विचारत घर शोधलं. दार बंद होतं, म्हणून खिडकीचे गज धरून आत बघितलं. सुभद्रा गेल्यापासून दाढी केली नव्हती, अंगावर पांढरं धोतर. आत बाईंची बहीण चहा गाळत होती. तिने मला बघितलं आणि गाळणं सोडून किंचाळली, "ताई! खिडकीत कोणीतरी आहे! त्याच्या हातात तुझी काठी आहे!"

प्रभूबाई आल्या. चष्म्यातून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या.

मला सांगायचं होतं. पण त्यांच्या मागे फळीवर सुभद्रेच्या हातच्या सोलांची बरणी दिसली आणि नाव सांगायचं विसरून मी तिच्याकडेच बघत राहिलो.

"सांगत नाही बघ!" बहिणीने मिठाचा डबा उघडला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी दार उघडलं. मी चपला उंबऱ्याशी ठेवल्या, बोटं घराकडे करून.

"मी बाहेर तोंड करूनच ठेवते," त्यांनी त्या फिरवल्या. "निघताना वाकावं लागत नाही. पहिल्यांदा आले, फोटो बघितला आणि धीरच झाला नाही. दुसऱ्यांदा तुम्ही भांडी फेकलीत. येत्या गुरुवारी येते. मुक्ताला सांगा, काल घरात काय झालं ते लिहून ठेव. फळ्यावरचं नको."

मी हात जोडले. पिशवी पुढे केली. "आणि तुमी सोलांची काळजी घेतलात, त्याचे उपकार..."

"कुठली सोलां?"

"परसातली. रसात बुडवलात, पालथी घातलात..."

"मी परसात गेलेच नाही," बाई म्हणाल्या. "आणि मला कुठे येतं त्यातलं काही?"

आमच्या घरात सोलां पालथी घालणारा हात एकच होता; पुढे केलेली पिशवी मी हळूच मागे घेतली. गुरुदक्षिणा दारातूनच परत आणणारा माणूस अख्ख्या हळर्णात मी एकटाच असेन.