भिजवलेले तळवे

डॉ. मेश्राम सर गेल्याचं पत्र मिळालं. सरांच्या पत्नीच्या अक्षरातल्या तीन ओळी...

ऐंशी सालानंतर केव्हातरी, मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांच्या पोस्टिंगसाठी आम्ही काही विद्यार्थी नागपूरहून चंद्रपूरला गेलो, तेव्हा सर आम्हाला शिकवत. मला पुस्तकं पाठ होती आणि त्याचा थोडा ताठाही होता. एक दिवस गडचिरोलीकडचा कोंडू नावाचा मजूर ओपीडीत आला. पाय ताठ, पावलं एकमेकांत अडकणारी. जंगलकामावरचा मुकादम त्याला ढोंगी म्हणे. डॉक्टरचा कागद आणला तरच हलकं काम देणार होता. मी त्याच्या तळव्यावरून हातोडीची दांडी ओढली. पाठीच्या कण्यातल्या नसांना इजा असेल तर पायाचा अंगठा वर उठतो; त्याचा हलला नाही. ‘दोष नाही’ असं लिहून मी त्याला परत पाठवलं.

संध्याकाळी सरांनी नोंद वाचली. “जन्मभर अनवाणी चालला तो. एवढ्या जाड कातडीतून त्याले समजन कसं? तळवे भिजवले होते काय?”

मी नकारार्थी मान हलवली.

“चाल उद्या. आता आपणच जाऊ त्याच्याकडे.”

बस, मग पायवाट. कोंडूच्या अंगणात सरांनी घमेल्यात गरम पाणी मागितलं, त्याचे पाय बराच वेळ भिजवले, स्वतःच्या हातांनी दगडाने घासले. “आता ओढ.” अंगठा सावकाश वर उठला... पाठीच्या कण्यातली इजा ढोंगाने दाखवता येत नाही.

चुलीवर लाखोळीची डाळ शिजत होती. स्वस्त, पण महिनोन् महिने तीच खाल्ली की पाय कायमचे आखडवणारी. कोंडूची चाल परत येणार नव्हती. त्याच्या दोन मुली मात्र अजून अंगणात धावत होत्या.

“बाई, हे डाळ बंदच करा. नाईच जमलं तं उकळून पाणी फेकत जा,” सर कोंडूच्या बायकोला म्हणाले.

“पाणी फेकलं तं डाळीत राह्यलं काय, भाऊ?” ती हसली.

“पोरीइचे पाय राह्यतीन.”

तिचं हसू थांबलं. तिने पातेलं खाली उतरवलं.

सरांनी मुकादमासाठी कागद लिहून दिला. परतल्यावर मी ओपीडीच्या वहीतली माझी जुनी नोंद खोडू लागले, तर सरांनी हात धरला. “खोडू नको. खाली लिही, आधी चुकलं होतं म्हणून.”

आता मी शिकवते. माझ्या वॉर्डात तपासणीआधी घमेलं भरून ठेवलेलं असतं. परवा एक विद्यार्थिनी घड्याळाकडे पाहत म्हणाली, “मॅडम, अजून किती वेळ?” मी तिला शेजारी बसायला सांगितलं. समोरच्या म्हाताऱ्या रुग्णाचे पाय पाण्यात भिजत होते... आम्ही दोघी थांबलो.