नवव्या भागात ती काय बोलली

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओकडे एका जपानी ॲनिमे मालिकेचा नववा भाग परत आला. मराठी आवाज बसवून पाठवलेला हा भाग मालिका दाखवणाऱ्या कंपनीने नाकारला होता. कारण एका ओळीत दिलं होतं: शेवटच्या प्रसंगात नायिकेचे ओठ हलतात, संवाद नाहीत. मराठी संवाद माझ्या भाचीने लिहिले होते.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. घाटकोपरला राहते. स्टुडिओत ती सहा महिन्यांच्या करारावर होती. ही मालिका नीट पार पडली तर कायम करू, असं तिला सांगितलेलं होतं. नववा भाग दुसऱ्यांदा परत आला तर मालिका दुसऱ्या लेखकाकडे जाईल आणि करार तिथेच संपेल, हेही सांगितलेलं होतं. दोन्ही गोष्टी तोंडी.

मी मुलुंडला राहते. नोकरीची सगळी वर्षं एका मराठी दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागात गेली. ॲनिमे हा माझा विषय नाही. मालिका पाहिली ती भाचीच्या सांगण्यावरून, आणि हिंदीत, कारण हिंदी आवृत्ती आधीच आलेली होती. ती म्हणाली होती, "मावशी, मी रोज तेच तेच बघून बधिर झालेय. ही खरंच चांगली आहे की नुसतीच हुशार आहे, ते तू सांग."

जानेवारीत मी बाराही भाग पाहिले.

मालिकेतली मुलगी शाळकरी आहे. लहानशा गावात वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसते. पहिल्याच भागात तिच्या लक्षात येतं की दुकानाचं मागचं दार उघडत नाही, कारण मागची गल्ली कुणी काढलेलीच नाही. आपलं गाव हे चित्र आहे, आणि कुणीतरी ते दर आठवड्याला घाईने काढतं, हे तिला कळतं. काढणारा लेखकही मालिकेत आहे. तो एका खोलीत बसतो, थंड झालेलं खातो आणि फोन उचलत नाही.

माझा संशय तिथूनच सुरू झाला. कथेत भोक पडलं की कुणीतरी पात्र त्याकडे बोट दाखवतं. बस अचानक कुठून आली, असं एक जण विचारतो. लेखकाला वेळ नव्हता, असं दुसरा सांगतो. पाहणारे हसतात आणि बस कुठून आली हे विसरतात. चूक छापून तिच्याखाली 'ही चूक आहे' असं लिहिलं तर ती दुरुस्ती होत नाही. पाचव्या भागात तिसऱ्या भागातली निम्मी चित्रं पुन्हा वापरली आहेत, आणि मुलगी म्हणते, "हे आधी झालंय." याला कल्पकता म्हणणारे लेख मी वाचले. मला त्यात वाचवलेले कष्ट दिसले. लेखकाचं पात्रही मला विश्वासार्ह वाटलं नाही. तो स्वतःला आळशी म्हणतो, भित्रा म्हणतो, पण दर वेळी त्याच्या पाठीवर दिव्याचा मऊ उजेड पडलेला असतो. स्वतःवर टीका करणारा माणूस ती कुठे लागावी हे स्वतःच ठरवतो.

जमेच्या बाजूला मात्र एक गोष्ट होती, आणि ती लहान नव्हती. मुलीला धाकटा भाऊ आहे. कथेला गरज असेल त्याच प्रसंगात तो असतो, मधल्या वेळात कुठेच नसतो. ती त्याला विचारते, "काल जेवलास का?" त्याला काल आठवत नाही. सहाव्या भागात ती त्याचा हात धरते आणि सोडत नाही, दृश्य संपू नये म्हणून. दृश्य खरंच संपत नाही. दोघं उभी राहतात. मागे रेल्वेचं फाटक पडतं, गाडी जाते, फाटक उघडतं. कुणी काही बोलत नाही. तेवढ्या वेळात मालिका स्वतःची हुशारी दाखवत नाही. तो भाग मी दोनदा पाहिला.

नवव्या भागाच्या शेवटी ती लेखकाच्या खोलीत पोचते, भावाला मागायला. हिंदीत ती तिथे लांबलचक भाषण करते. आपण सगळे कुणाच्या तरी कहाणीतली पात्रं आहोत, कलम कुणाच्याही हातात असो, जगण्याचा हक्क आपला आहे, वगैरे. आठ भाग जी मुलगी 'जेवलास का' एवढंच विचारत होती, तिच्या तोंडी हे शब्द मला परके वाटले. मुलाखतीच्या मजकुरात एखादं वाक्य मुलाखत देणाऱ्याचं नसून बातमीदाराचं असतं आणि ते वेगळं ओळखू येतं, तसे. मालिकेचं सगळ्यात मोठं अपयश म्हणून मी हा प्रसंग धरला होता.

भाग परत आल्यानंतरच्या रविवारी भाची आली. चहाचा कप हातात घेऊन नुसतीच बसली होती.

"नववा मला तेव्हाच खटकला होता," मी म्हटलं. "एवढं भाषण कशाला?"

"कसलं भाषण?"

"लेखकाच्या खोलीतलं."

"मावशी, ती तिथे एक शब्द बोलत नाही. म्हणून तर परत आलाय ना!"

दोन्ही आवृत्त्या लावून पाहिल्या. माझ्या टीव्हीवर हिंदी, तिच्या लॅपटॉपवर मूळ जपानी. हिंदीत मुलगी बोलत होती. जपानीत तिचे ओठ हलत होते आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

"बघ," भाची म्हणाली. "लेखकाने तिचे शब्दच काढून घेतलेत. ती ओरडतेय आणि त्याने आवाज दिलेला नाही. काय जबरी आहे, यार!"

"आवाज नाही एवढंच दिसतंय. का नाही ते दिसत नाही."

"म्हणजे?"

"तुम्हाला आलेल्या फाईलमध्ये संवाद राहून गेले असतील. हिंदीवाल्यांना पूर्ण फाईल मिळाली असेल."

"पंखा ऐकू येतोय ना?"

"पंखा वेगळ्या पट्टीवर असतो, हे तूच मला सांगितलंस. संवाद एकीकडे, बाकीचे आवाज दुसरीकडे."

ती म्हणाली, "माझ्यावर पण घे संशय."

"घेतलाय. तुला ओळी सुचल्या नाहीत म्हणून तू तिला गप्प ठेवलंस, असंही असू शकतं."

"वा गं वा. सख्खी मावशी!"

तिने लॅपटॉपवर दुसरं पान उघडून माझ्याकडे सरकवलं. त्या प्रसंगासाठी तिने मराठी ओळी लिहून ठेवल्या होत्या, अडलंच तर द्यायला. चांगल्या होत्या. हिंदीपेक्षा तर कितीतरी. ओठांच्या हालचालीत नेमक्या बसत होत्या. त्या पाठवल्या असत्या तर भाग मंजूर झाला असता आणि तिची नोकरी टिकली असती, याबद्दल मला शंका नव्हती.

"मग दे ना," मी म्हटलं.

"मूळ गप्प असेल तर नाही देणार."

"आणि मूळ गप्प नसेल, फाईलच तुटकी असेल तर?"

"तर आत्ता देते. पण कळणार कसं?"

कळायला हवं होतं, हे खरं. बुधवारी मी तिच्याबरोबर स्टुडिओत गेले. घाटकोपरहून मेट्रो, मग रिक्षा. औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली बॉक्सचा कारखाना, वर आवाज. डबिंगची सगळी जबाबदारी जिच्यावर होती ती सुपरवायझर कांदिवलीची, मूळ कुटुंब मालवणकडचं. या धंद्यात ती मुलांच्या आवाजाची कलाकार म्हणून आली होती. अजूनही रडणारं बाळ हवं असलं की तीच माईकसमोर उभी राहते.

"पेपरवाल्या मावशी तुम्हीच का?" तिने विचारलं. "हिने सांगितलं, तुम्ही सगळ्यांवर संशय घेता."

"तुमच्यावरही घेणार आहे."

"घ्या ना, बसून घ्या. खुर्ची तुटकी आहे, सांभाळून."

तिचा नियम तिने सरळ सांगितला. ओठ हलले की आवाज पाहिजे. उघडं तोंड रिकामं सोडायचं नाही. पाठमोऱ्या माणसाला हवं ते बोलायला लावा, पण समोरून तोंड हललं आणि आवाज आला नाही तर लोकांना वाटतं डबिंग बिघडलं. "आधी टीव्हीला थापडा मारायचे," ती म्हणाली.

"आता मोबाईलवर बघतात, ताई," भाची म्हणाली.

"मग मला मारतील."

हिंदीत काय झालं असावं, याचा अंदाज तिनेच दिला. हिंदीवाल्यांचाही हाच नियम. रिकामं तोंड दिसलं, भरून टाकलं. वाईट हेतू नसणार. मला ते पटलं. पेपरातही कोरी जागा सोडत नाहीत. मजकूर कमी पडला की कसलीतरी चौकट येते. पण पटलं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. हिंदीच्या कुणाशी आमचं बोलणं झालेलं नव्हतं, आजही झालेलं नाही.

"हिच्या ओळी मी वाचल्यात," सुपरवायझर म्हणाली. "झकास आहेत. मी सांगते, टाक आणि मोकळी हो. तर ही ऐकत नाही."

"फाईल तुटकी असेल तर टाकते म्हटलं ना मी."

"अगं, पण तुटकी आहे की नाही हे जपानला जाऊन विचारू?"

मी विचारलं, नुसती संवादांची पट्टी ऐकता येईल का? बाकी आवाज बंद करून?

त्यांनी ती लावली. पंखा गेला. खोली गेली. पडद्यावर मुलीचे ओठ हलत राहिले आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. भाचीने मान खाली घातली. मला वाटलं, फाईल तुटकी आहे.

सुपरवायझरने हेडफोन कानाला लावले आणि आवाज चढवला. मग तिने हात वर केला, कुणी बोलू नये म्हणून. फाईल मागे घेतली, पुन्हा लावली.

"ह्यो श्वास कोणाचो गो?" ती म्हणाली.

हेडफोन एकेक करून आम्ही सगळ्यांनी लावले. मुलीचे ओठ उघडण्याआधी दर वेळी श्वास घेतल्याचा आवाज होता. वाक्याच्या शेवटी सोडल्याचा. मध्ये एकदा आवंढा. शब्द कुठेच नव्हते. पट्टी रिकामी राहिली असती तर श्वासही नसते. जपानी कलाकार माईकसमोर उभी राहिली होती आणि तिने फक्त श्वास दिले होते. लॅपटॉपवर, पंख्याच्या आवाजाखाली, ते मला ऐकू आले नव्हते.

"मी किती वेळा ऐकलं हे," भाची म्हणाली. "पंख्यासकटच ऐकत होते."

"आता रडू नकोस," सुपरवायझर म्हणाली. "कंपनीला काय सांगायचं ते बघ. तिथे तपासणारा बसलाय, त्याला रिकामी पट्टी दिसली की तो लाल खूण करणार."

"मूळही रिकामंच आहे, असं लिहू?"

"लिहून कोण वाचतंय!" सुपरवायझरने थोडा विचार केला. "आपण काय पाठवलं होतं? तोंडाला काहीच नाही. जपानी श्वासही आपण उडवले. म्हणजे चूक आपलीच आहे, बाय. शब्द नको तर नको, पण श्वास मराठी पाहिजेत."

नायिकेचा मराठी आवाज देणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी बोलावलं गेलं. मी तिथे नव्हते; भाचीने फोनवर सांगितलं ते असं. संवाद नसलेल्या प्रसंगाला मला कशाला बोलावलं, असं त्या मुलीने विचारलं. भाचीने तिला आपल्या मराठी ओळी वाचायला दिल्या आणि सांगितलं, हे मनात बोल, तोंडाने फक्त श्वास घे. चौथ्या वेळी जमलं. म्हणजे ओळी वापरल्या गेल्या, फक्त कुणाला ऐकू येणार नाहीत. हे कंपनीला कळवलेलं नाही.

मालिकेबद्दलचं माझं मत मी भाचीला नंतर सांगितलं. भाषणाचा दोष मी मागे घेतला, कारण तो मालिकेचा नव्हता. बाकीचे ठेवले. पाचवा भाग आळशी आहे. लेखकाच्या पाठीवरचा उजेड खोटा आहे. शेवटच्या भागात लेखकालाही कुणीतरी काढलेलं असतं, हे तर कुणालाही तिसऱ्या भागातच सुचलं असतं.

"आणि नववा?" तिने विचारलं.

"चांगला आहे. पण त्यांनी तिला गप्प ठेवलं ते विचार करून, की तिच्या तोंडी काय घालावं हे त्यांनाही सुचलं नाही म्हणून?"

"श्वास दिलेत ना, मावशी!"

"न सुचणारा माणूसही श्वास देऊ शकतो."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," ती म्हणाली, आणि हसली.

मालिका तयार करणाऱ्यांची त्या प्रसंगाबद्दलची मुलाखत मी शोधली. सापडली नाही. त्यामुळे तो प्रश्न मी उघडा ठेवला आहे.

नववा भाग मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कंपनीकडे गेला आणि मंजूर झाला. श्वास थोडे मोठे करावेत, अशी सूचना आली. ते मोठे केले गेले. मराठी आवृत्तीत तो भाग आता पाहता येतो. मुलगी त्यात बोलत नाही. हिंदीत अजून बोलते. दहाव्या भागाची फाईल भाचीकडे आली, मग अकराव्याची आणि बाराव्याची. कायम केल्याचं पत्र हे लिहीपर्यंत आलेलं नाही.