आधी काय झालेलं?

लूम बंद पडला की आमचे मिस्त्री पान्याला हात लावत नसत. आधी कारागिराला समोर उभं करत. "आधी काय झालेलं, ते सांग. मशीन एका दिवसात बिघडत न्हाय."

कामतघरच्या त्या यंत्रमागाच्या कारखान्यात मी हजेरी ठेवायचो आणि ही उलटतपासणी रोज ऐकायचो. कारागीर म्हणायचा, "कुछ नहीं हुआ था, मिस्त्री." मग मिस्त्री असे बघत, की त्याला परवाचा आवाज, गेल्या आठवड्यात सैल झालेला पट्टा, सगळं आठवायचं. असा एक खडूस माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. आमचं तर त्यांच्यावाचून पान हलत नसे.

एके दिवशी त्यांच्या हातून पाना पडला. मग रोजच पडू लागला. पायही बधिर झाले. "लूमच्या हादऱ्यानं होतं," म्हणायचे. शेवटी मीच त्यांना ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. गुडघ्यावर हातोडी मारून झाली, तळव्यावर रेघ ओढून झाली. मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी काही झालं होतं? आपोआप बरं झालेलं?"

"न्हाय," मिस्त्री म्हणाले.

मी बघतच राहिलो. दोन वर्षांपूर्वी महिनाभर त्यांना एका डोळ्याने धुरकट दिसत होतं. कापसाचं कुसळ गेलं म्हणाले, आणि बरं झाल्यावर केवढा तोरा! पण त्यांचा चेहरा पाहून कळलं. मोठा आजार निघाला तर लूमला हात लावू देणार नाहीत, ही भीती होती. मला फार वाईट वाटलं. तरी म्हणालो, "मिस्त्री, मशीन एका दिवसात बिघडत न्हाय."

खाऊ की गिळू असं माझ्याकडे पाहून त्यांनी डोळ्याचं सांगून टाकलं.

पुढे एमआरआय झाला. मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग दिसले, काही जुने, काही नवे. रक्त तपासून दुसरे आजार वगळले, पाठीतलं पाणी काढून तपासलं. मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला, शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते तो आजार. एका तपासणीत हा कळत नाही, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी झालेलं जुळवावं लागतं, असं बाईंनी समजावलं.

"बाईला काम येतं," मिस्त्री म्हणाले. एवढी स्तुती आमच्यापैकी कुणाच्याच वाट्याला आली नव्हती.

आता ते अंजूरला घरीच असतात. इंजेक्शनं चालू आहेत, हातात काठी आली आहे. रविवारी मी फोन करतो.

"बरा हाय," ते म्हणतात.

मी फोन ठेवत नाही. "आधी काय झालेलं, ते सांगा."

मग हळूच, "काल उंबऱ्यात पडलो."